जाडी

समोरचा रस्ता नगरपालिकेनं तीनदा उंच केला
आणि आमचं अंगण वाटी झालं.
गटार भरलं की उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतं,
आत येऊ का, विचारल्यासारखं.

म्हणून धोत्र्यांना बोलावलं.
‘हणमंत धोत्रे. तोडकाम, भराव. मलबा उचलून मिळेल.’
सेलू स्टेशनच्या रस्त्याला डीपीवर रंगवलेलं होतं,
नंबरातला शेवटचा आकडा पुसलेला.
शून्यापासून सुरुवात केली, चारवर सापडले.

त्यांनी अंगण पावलांनी मोजलं,
टाचेनं दोनदा ठोकलं.
"लई जुनं दिसायलंय. अठरा हजार. मलबा धरून."
मी चौदा म्हणाले.
ते हसले, पाणी मागितलं, प्यायले,
आणि सोळावर तांब्या खाली ठेवला.

सकाळी ब्रेकर लागला.
तावदानं, मांडणीतल्या वाट्या, माझ्या दाढेतली चांदी
सगळं एकदम बोलायला लागलं.
अप्पांनी कानातलं मशीन काढलं,
रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं
आणि दारात खुर्ची टाकून बसले.

अकरापर्यंत एकच कोपरा फुटला.
दोन छिन्न्या बोथट.
मशीन धरणारं पोरगं भुवयांपर्यंत पांढरं.
धोत्र्यांनी एक ढेकूळ उचलून उन्हात फिरवलं,
अंगठ्यानं घासलं,
वाटलं आता जिभेला लावतात.
"बाई, हे कधीचं?"
"मी चौथीत होते."
"तवा कालव्याचं अस्तर चालू होतं इकडं.
खडी बगा, एकसारखी.
गावात अशी खडी कुणाला भेटत नव्हती.
माय माझी त्याच कामावर टोपली उचलायची.
आमच्याकडली चारी पहिल्याच पाण्याला फुटली.
नखानं खरवडलं तर वाळू निघायची.
हे मात्र बगा."
आणि ढेकूळ खाली ठेवलं,
अलगद, जणू तेच फुटेल.

अप्पा त्या कामावर मस्टर कारकून होते.
एवढंच घरात बोललं जायचं.
आणखी मला आठवतो तो
दिवे न लावता आलेला एक ट्रॅक्टर,
आईनं आम्हाला भिंतीकडं तोंड करून झोपवलेलं,
आणि पुढं रिकाम्या पोत्यांच्या तिनं शिवलेल्या पिशव्या,
शिक्के आतल्या बाजूला घेऊन.
त्यातली एक घेऊन मी वर्षभर भाजीला गेले.

"दोन हजार वाढवा बाई. सोळात हे निघत नसतंय."
कोथिंबिरीच्या जुडीवरून उठून जाणारी मी,
बरं म्हणाले.
खुर्चीकडं बघितलं नाही.

दिवस कलताना मुरूम संपला
आणि काळी माती लागली.
मला वाटलं होतं वास येईल.
नाही आला.
पोरगं त्या मातीत उकिडवं बसून
पारले बुडवून चहा प्यायलं.

मलबा ट्रॉलीत चढला.
"कुठं टाकणार?"
"बगू. ज्याचा खड्डा आसंल त्याच्यात."
मला एक जागा सुचली होती.
ओठांवर आली, पैसे मोजले, राहून गेली.

ट्रॉली कोपऱ्यावर वळली तेव्हा
अप्पांनी रुमाल सोडला, मशीन कानात घातलं.
शिट्टी वाजली. त्यांनी ती बोटानं दाबली.
"जाडी किती निघाली?"
"सहा इंच."

शेजारच्यांचा कुकर झाला, दिवे लागले,
खणलेल्या अंगणात एक मांजर
जपून पाय टाकत गेलं.

"मी आठ सांगितली होती," अप्पा म्हणाले.