कलम सात

बर्नलीच्या नगरसभेत मी इतिवृत्त लिहिते.
इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढले,
त्यामुळे इथला दबका खोकलाही कानातून सुटत नाही.
पण खोकला लिहायचा नसतो.
हशाही नाही.

कलम सात : आठ नंबरची बस, शेवटची फेरी.
बस सुटते नऊ चाळीसला,
इस्पितळाच्या धुलाईघरातली पाळी दहाला.
ग्लेनिस एन्ट्विसल उभी राहिली.
तीस वर्षं शाळेतल्या पोरांना उकडलेले बटाटे वाढलेली बाई,
निवडून आली तीही एकोणीस मतांनी.
म्हणाली,
‘गेल्या आठवड्यात रोज रात्री त्यांच्याबरोबर चालले.
कालव्याकाठी सात दिवे. चार बंद.
बाया किल्ल्या बोटांच्या बेचक्यात धरून चालतात,
टोक बाहेर काढून.
इथं कुणी कधी धरलीय तशी किल्ली?’

टॅक्सी असते की, कुणीतरी पुटपुटलं.
हशा.
नाही लिहिला.

‘असते ना. अकरा पौंड.
म्हणजे शेवटचा तासभर त्या
टॅक्सीवाल्याच्याच चादरी धुतात.’
अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला.
ती म्हणाली, विषय धरूनच आलेय घरापासून.

बाजूनं अकरा, विरोधात दहा.
अकरावा हात कुणाचा, ते मी पाहिलं.
तो मघाशी हसला होता.

पुढच्या महिन्यात,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी लिहिलं होतं,
‘काही महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय.’
ग्लेनिस उठली. दुरुस्ती आहे.
‘काही’ नव्हत्या त्या.
बोझेना होती, नसरीन, कॅरल,
आणि एकोणीस वर्षांची जोसलिन.
आणि गैरसोय नव्हती. भीती होती. तसं लिहा.

बावीस वर्षांत किती शब्द टंकले असतील मी :
तरतूद, अंमलबजावणी, सदर, उपरोक्त.
हा पाच ओळींत तीनदा चुकला.

थांब्यावरच्या तक्त्यात आता एक ओळ जास्त आहे, २२:१५.
तिथं कुणाचं नाव नाही. ग्लेनिसचंही नाही.
पुढच्या निवडणुकीत ती पडली, सहा मतांनी.
ओळ राहिली.

काल सभा लांबली, मीही त्याच बसमध्ये.
काचेला डोकं टेकून जोसलिन झोपलेली,
तोंड किंचित उघडं.
तिचा थांबा आला. दचकून उठली,
आणि किल्ल्या सापडेनात तिला,
पिशवीच्या पार तळाशी गेल्या होत्या.