खाच

रविवार कारंजाजवळ भिकचंदशेठच्या दुकानात
पत्र्याच्या कातरी खिळ्यांना लटकतात
वटवाघळांसारख्या, डोकी खाली.
लाल मुठीच्या पुढे. पिवळ्या त्यांच्या मागे.
हिरव्या कुठल्याशा खोक्यात, कोणी मागत नाही म्हणून.
शेठ म्हणतात, ताई, ही न्या, रबरी मूठ आहे,
हाताला लागत नाही.

मी मूठ बघत नाही.
कासमचाचा म्हणायचे, मुठीवरून कातर घेणारा
शिंगांवरून म्हैस घेतो.
आधी मिटव. उजेडाकडे धर.
पोटाशी केसाएवढा दिवस दिसला पाहिजे
आणि टोकाशी अंधार.

मी पायरीवर येते, धरते.
पहिलीतून दिवस थेट टोकातून सांडतो. परत.
दुसरीच्या सांध्यात रिव्हेट, ठोकून बसवलेला.
ढिला पडला तर?
"तर नवी घ्यायची," शेठ म्हणतात,
अगदी सहज म्हणतात.
मला बोल्ट हवा, दर दिवाळीला
पान्याने पाव फेरा आवळता येईल असा.
तिसरीला टिचकी मारते. ठप्प.
ओतीव आहे, एकदा फरशीवर पडली की संपली.

"शेठ, हिरव्या काढा."
"डावऱ्या आहात?"
आहे.
आठ वर्षं उजव्या हाताची कातर डाव्या हाताने चालवली.
मारलेली रेघ पात्याखाली लपायची,
मी मान वाकडी करून तिच्यामागे जायची.
चाचांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
रेघ दिसत नसेल तर पत्रा ऐक,
रेघ सोडली की आवाज बदलतो.
बदलतो खरा. मान मात्र अजून दुखते.

खोक्याच्या तळाशी ती निघाली.
काळी, घडीव, मुठीवर हिरवा रंग नावापुरता,
अंगावर तेल आणि तेलावर धूळ.
टिचकी मारली, आवाज जरा वेळ
दुकानात रेंगाळला.
पर्समधून चोवीस गेजची पट्टी काढली.
शेठ हसले. बायकांच्या पर्समध्ये
त्यांनी बरंच काही पाहिलं असेल, हे नाही.
कातर पट्टीत शिरली
आणि पहिल्यांदाच मला माझी रेघ दिसली.

"जुनी द्या, भंगारात घेतो, किलोवर."
नाही म्हटलं.

जुनीला खाच आहे.
दुसऱ्या वर्षी, अंबडच्या शेडवर,
पक्कड खाली राहिली आणि शिडी उतरायचा कंटाळा,
म्हणून मी तिच्याने पोलादी तार तोडली.
चाचांनी कातर घेतली, पात्यावरून नख फिरवलं,
नख अडलं.
काही न बोलता परत दिली.
त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कापावर
दर दीड इंचाला एक दात उठतो.
कानशीने घासते, तरी थोडा उरतो.
गंगापूर रोडच्या दवाखान्याच्या डक्टमध्ये,
देवळालीतल्या बेकरीच्या धुरांड्यात,
सिडकोतल्या कितीतरी कूलरांच्या
आत दुमडलेल्या कडांवर
तो दात आहे.
थंड हवा त्याच्यावरून जाते, कोणाला कळत नाही.
मला कुठल्याही खोलीत हवा आली की आठवतो.

चौदाशे पन्नास. घासाघीस केली, चौदाशे.

संध्याकाळी वडाळ्याला गेले.
चाचा ओट्यावर, हात कापतो आता,
चहा बशीत कमी, लुंगीवर जास्त.
कातर उजव्या हातात घेतली, बसेना.
"हात माझा नाही हिचा," म्हणाले, आणि खूश दिसले.
मग अंगठ्याचं नख
सांध्यापासून टोकापर्यंत फिरवलं.
कुठेच अडलं नाही.
पुन्हा फिरवलं, हळू,
जणू काही ठेवलेलं सापडत नाहीये.

कातर माझ्या डाव्या हातात दिली,
बोटं मिटवली माझी तिच्याभोवती.
"हिने तार तोडू नकोस," म्हणाले.

सहा वर्षं झाली होती त्या तारेला.