सातवा रांजण

वर्षातून एकदा मला जमिनीत सोडतात.
दोरी बाबांच्या हातात, काठाशी चुन्याची बादली,
माझ्या हातात चेरीच्या सालींचा कुंचला.
काखेतीतल्या आमच्या तळघरात सात रांजण पुरलेत,
नुसती तोंडं वर,
पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखी.

आत पणजोबांच्या वेळचा अंधार.
मी घासतो. माती पाणी पिते, मी मातीचा वास पितो.
वरून बाबा: "बुडाशी नीट घास,
आंबूस राहिलं तर सगळं नासेल."
मी म्हणतो, हो.
इथे साधा हो सुद्धा असा घुमतो
की तीन-चार जणांनी मिळून कबूल केल्यासारखा वाटतो.

यंदा खांदे अडकले.
एक आधी, मग दुसरा, तिरपा होऊन, श्वास सोडून.
चोविसाव्या वर्षी मी माझ्याच घराच्या गळ्यात
काट्यासारखा.
बाबा हसले. "पुढच्या खेपेला नाही मावायचास तू.
हरकत नाही. एकदा दोनाचे चार होऊ देत,
नातू उतरेल."

दोनाचे चार.
मोजलेत मी चार हात, बाबा,
गेल्या सुगीत, एकाच टोपलीला:
दोन माझे, दोन मधपाळाच्या रेझोचे,
मनगटावर डंखांचे जुने डाग.
द्राक्षांच्या रसाने चिकटलेली बोटं सोडवायला
आम्हाला जरा जास्तच वेळ लागला.

सातवा रांजण आम्ही धूत नाही.
त्यात माझ्या जन्मसालची वाईन आहे,
माझ्या लग्नात उघडायची.
आई दर रविवारी झाकणावरची माती ओली करते
आणि सांगते, गुर्जानीच्या दंतवैद्याची थेओना
फार गोड हसते.
मिठाच्या डब्याखाली तिनेच ठेवलंय
नॉर्वेहून आलेलं पत्र:
हिमनद्यांचा अभ्यास, दोन वर्षं, शुक्रवारपर्यंत कळवा.
बर्फ वितळतो तो मोजायला इतक्या लांब कशाला,
ती विचारते. दारातून तर दिसतो.
खरंच दिसतो. अलझानीच्या पलीकडे,
निळसर, दरवर्षी थोडा कमी.
रेझो म्हणतो, जा.
म्हणतो, मीही येईन,
आणि मधपेट्यांकडे बघत बसतो.

आज सहाव्या रांजणाच्या पोटात,
काम संपल्यावर, उगाच,
मी त्याचं नाव घेतलं.
हळूच घेतलं होतं.
रांजणाला हळू कळत नाही.
रेझो, झो, ओ,
भिंतीने ते उचललं, गोल फिरवलं,
गळ्यातून वर काढलं
आणि बाबांच्या पायाशी ठेवलं.

दोरी थांबली.
कुठेतरी नळ ठिबकत होता, तो ऐकला मी.
वर ताटाएवढा उजेड, त्यात बाबांचं डोकं.
चेहरा दिसेना, दिवा मागे होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
"आवाज स्वच्छ येतोय.
भेग नाही कुठे."

मग दोरी ताणली.
बाहेर येताना खांदा सोलवटला.
बाबांनी बघितलं, चुन्याचा हात पँटला पुसला
आणि विचारलं,
"आज वार कोणता?"