घंटेची दोरी

ओतिलियाबाईंनी त्या वर्षी पहिलं काही केलं असेल
तर तिसऱ्या तासाची घंटा मुकी केली.
म्हणजे घंटा तिथंच होती, जिन्याखाली,
कुठल्याशा जुन्या होडीची, पितळी, हिरवट पडलेली;
फक्त तिची दोरी बाईंनी गुंडाळून
स्वेटरच्या खिशात ठेवली
आणि मला म्हणाल्या,
"पोरं लिहीत असतील तर लिहू दे.
थांबली की सांग. मग वाजवीन."

मी बेटावर नवा होतो.
चिलोएचा वारा अजून कानात नीट बसला नव्हता.
अठरा मुलं, तीन इयत्ता, एक स्टोव्ह,
आणि फळ्यावरून उतरवून घ्यायचा निबंध:
'माझी गाय', दहा ओळी, समास सोडून.
अर्ध्या घरांत गाय नव्हती.
तरी अठरा वह्यांत अठरा गायी
एकाच कुरणात चरायच्या,
एकाच बाजूला शेपटी हलवायच्या.

बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या.
मला वाटलं, तपासणी. तळव्यांना घाम.
पण हातात नोंदवही नव्हती,
होती साधी दुरेघी, मुलांच्यासारखीच,
आणि गुडघे बाकात मावत नव्हते.
त्या लिहायला बसल्या होत्या.

चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या.
मग उभ्या राहून, पगारपत्रक वाचावं
तशा सुरात वाचलं:
"माझे वडील समुद्रावर गेले. समुद्र मोठा होता."

एलीसेओ, शिंपले सोलून बोटं चिरलेला,
म्हणाला, "बाई, समुद्र मोठा असतोच.
डब्यात काय नेलं होतं त्यांनी?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.
"उकडलेले बटाटे," म्हणाल्या. "सहा.
आई रोज पाच द्यायची. त्या दिवशी सहा."
आणि खाली बसल्या, लिहू लागल्या.

त्या दिवशी घंटा झालीच नाही.
जेवणाची वेळ टळली तशी
स्वयंपाकीण क्लोरिंदा डाव घेऊन दारात आली,
अठरा वाकलेल्या माना बघितल्या,
एकोणिसावी बघितली,
आणि सूप पुन्हा चुलीवर चढवायला गेली.

लिहायला कसं शिकवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
गुरुवारची माझी मैदानावरची पाळी बाई करू लागल्या,
रेनकोट घालून, शिट्टी तोंडात,
का, तर मी आणि वरच्या वर्गाची एर्मेलिंदा
मुलांच्या वह्या मध्ये ठेवून भांडू शकू:
आधी याचं शुद्धलेखन सुधारायचं,
की आधी याची होडी बुडू द्यायची?
कार्यालय रंगवायला पैसे आले होते.
कार्यालय राहिलं तसंच, पोपडे धरून.
दीडशे वह्या आल्या, कोऱ्या.

ऑक्टोबरात निरीक्षक आले, बोट लागून पांढरे पडलेले.
वह्या चाळल्या.
"लाल शाई कुठंय? आणि ही खाडाखोड?
शाळेला शोभते?"
मी माझं वाक्य जुळवतच होतो,
तोवर बाईंनी स्वतःची वही पुढं सरकवली.
"आधी ही तपासा. सगळ्यात जास्त खाडाखोड हिच्यात आहे."
ते वाचत गेले. पान उलटलं. परत मागं आले.
"सहा का?" त्यांनी विचारलं.
"तेच शोधतेय," बाई म्हणाल्या, "मार्चपासून."

तरी अहवालात लिहिलं:
नीटनेटकेपणा असमाधानकारक.
तो कागद बाईंनी फळ्याशेजारी टाचला.
चार दिवसांनी त्याच्याखाली
रोसेंदाच्या अक्षरात, पेन्सिलीनं:
'तुम्ही काय बघितलंत ते कळत नाही. एक उदाहरण द्या.'
ते पुसायचं का, मी बाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, "'असमाधानकारक' तिनं बरोबर उतरवलं असतं
तर मी काळजी केली असती."

आता माझ्याकडे शाळा आहे, दुसऱ्या बेटावर.
घंटा विजेची आहे, तिला दोरी नाही.
पहिल्या दिवशी मी
वायरमनला बोलावून घेतलं.