पासंग

दोन करवंट्या लागतात.
एकाच नारळाच्या घ्याव्यात, हे आम्हाला उशिरा कळलं.
एक आमच्या सोलकढीची,
दुसरी खालच्या डिमेलोबाईंची, शेंडीसकट.

सकाळचे साडेनऊ. कन्नमवार नगरातली पोरं
दप्तरं लावून केव्हाच गेलीत,
जिन्यात कचरेवाल्याच्या डब्याचा तेवढा आवाज.
आम्ही दोघं फरशीवर. मध्ये कालचा पेपर,
सुतळी, मोडका हँगर, चिंचोक्यांचा डबा.
खिळा गॅसवर तापवायचं काम माझं.
भोक पडताना खोबरं जळाल्याचा वास सुटतो.
"बर्फी करतेयस?"
"नाही रे, तराजू."

भोकं तीन का, हे मी सांगणार होते.
जीभ चावली.
त्यानं दोनच भोकांत सुतळी ओवली,
करवंटी कलंडली, चिंचोके फ्रीजखाली गेले.
पोटावर झोपून, पट्टीनं एकेक ओढत
तोच म्हणाला, "हिला अजून एक पाय हवाय."

शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, याचे हात स्वस्थ नसतात.
तक्रार होती ती.
मी पॅथॉलॉजीत अकरा वर्षं
मिलिग्रॅमपर्यंत बरोबर मोजत आले,
त्या दिवशी मात्र काहीच मोजलं नाही,
दाखला घेतला आणि रिक्षात बसले.

हँगर कडीला अडकवला. दोन्ही करवंट्या रिकाम्या,
तरी डिमेलोबाईंची खाली.
निमिषनं आत बोट फिरवून पाहिलं, उलटी करून झटकली.
"काहीच नाहीये. पण आहे."

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन, नाशिकहून, स्पीकरवर.
आमचा कैवल्य वीसपर्यंत पाढे म्हणतो गं.
तुझा काय करतोय? सुतळी?
मग हसत, अगदी हसतच,
"अशानं आमच्याच्या पासंगालाही पुरायचा नाही हो."

"आई, पासंग म्हणजे?"
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
बोलणं ऐकलेलं, जन्मभर.
वस्तू कधी पाहिलेली नाही.

चांगुणामावशी मंगळवारी येते, कोळीवाड्यातून.
पाटी उतरवली, गुडघ्यावर हात ठेवून बसली,
बोंबलांआधी कडीकडे बघितलं.
"कोनाचा काटा ह्यो? खोटा हाय."
"माझा," निमिष म्हणाला, जरा मागे सरून.
"मंग पासंग बांध की त्याला."

तिच्या पाटीतून तिसऱ्याचा एक रिकामा शिंपला निघाला.
हलक्या करवंटीखाली तिनं तो सुतळीनं टांगला.
हँगर हलला, थांबला, अजून थोडा तिरका.
दुसरा शिंपला निमिषनं निवडला, छोटा.
नको, त्याहून छोटा.
मग तुटका, नखाएवढा.

आडवा झाला हँगर.
कुणीच श्वास घेईना, पंखा मी बंद केला होता.

"आता खरं बोलंल," मावशी म्हणाली,
आणि बोंबलांचे दहा रुपये जास्तच लावले.

दुपारभर मोजणं.
एक लिंबू म्हणजे एक्केचाळीस चिंचोके.
खोडरबर नऊ. बाबांचं घड्याळ दीड लिंबू.
वहीत हे सगळं, आणि वर मोठ्या अक्षरात तो शब्द,
अनुस्वार चुकून गवर बसलेला.
मी खोडला नाही. उद्या बघू,
उद्या कदाचित त्यालाच तो तिरका दिसेल.

पाचला फोन पुन्हा वाजला.
शोधते तर करवंटीत,
जाऊबाईंचं नाव चमकतंय, थरथरतंय,
आणि त्यांच्याबरोबर हँगर, कडी, शिंपले, सगळंच किणकिणतंय.
मी हात पुढे केला.

"उचलू नकोस ना," तो म्हणाला,
पाचवं लिंबू दोन बोटांत धरून,
"वजन चाललंय."