ड्रम कुठे जातो

मापोमध्ये, हाडांच्या सूपच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
एकवीस काचेची टेबलं.
उजेड खालून यायचा, हनुवटीवर,
त्यामुळे आम्ही सगळ्याच जणी थोड्या भुतांसारख्या.
साल शहाऐंशी. कागदांना सूपचा वास.

तोक्योहून खोकी यायची.
आत पहिलं चित्र आणि शेवटचं.
पहिल्यात यंत्र, शेवटच्यात माणसासारखं काहीतरी,
डोळे असलेलं.
मधलं तुम्ही बघा.

मधलं म्हणजे मी, नाम ग्योंग-ओक,
चित्रामागे बसच्या एका तिकिटाचे पैसे.

मालिकेचं नाव ‘तेत्सुमाची’. लोखंडाचं गाव.
विमान होणारा आरागाने थोरल्यांकडे गेला.
बंबाची शिडी होणारी हाशिगो गेली माय-सुनकडे,
कारण पट्टीशिवाय सरळ रेघ तिलाच जमायची.
माझ्या वाट्याला आला दोन्को.

दोन्को, रोडरोलर.
लढाई आटपत आली की पोचायचा,
आणि दर भागात त्याचं एकच वाक्य:
“आलो, आलो. रस्ता अजून गरम आहे.”
(मला जपानी येत नव्हतं. ओठ काढायचे म्हणून पाठ केलं.
आजही झोपेतून उठवलंत तर म्हणेन.)

तर, ड्रम.
पुढचा, जाडजूड, तीन टनांचा.
पहिल्या चित्रात आहे.
शेवटच्यात नाही.
पाठीवर नाही, पोटात नाही, छातीला ढाल म्हणूनही नाही.
मधे बारा चित्रं.
चौथ्यापर्यंत मी प्रामाणिक होते:
छप्पर दुमडलं, त्याचे खांदे झाले,
सीटखालून गुडघे आले, जरा बाहेरच वळलेले,
माझ्या वडिलांसारखे.
ड्रम मात्र तसाच, वाटेत बसलेल्या म्हशीसारखा.

नवव्या चित्रात मी वाफ काढली.
डांबराची, दाट.
दहाव्यात दोन्को उभा, हात झटकत,
जणू ड्रम कधी नव्हताच.

कोणी पकडलं नाही.
सेकंदाचा बारावा हिस्सा. कोण बघतंय?
झाकली मूठ, तशी झाकली वाफ.

मग ऑक्टोबरात एक गृहस्थ आले,
खेळण्यांच्या कारखान्यातले, काट्सुशिकाचे,
कुनिएदा नावाचे, अंगठ्याला चिकटपट्टी.
रुमालात अर्धवट दोन्को.
हात होते, वडिलांचे गुडघेही होते,
आणि ड्रम सुटा, दुसऱ्या खिशात.
दुभाष्यातर्फे विचारलं:
तीन आठवडे झाले. बाईंना विचारा,
हा जातो कुठे?

मी म्हटलं, वाफेत.

दुभाष्या हसला नाही. जपानीत बराच वेळ काहीतरी बोलला,
माझ्या एका शब्दाचं एवढं लांब काय केलं देव जाणे.
कुनिएदांनी वहीत लिहून घेतलं.
मग पुसलं.
मग कमरेत वाकून नमस्कार केला, ड्रमसकट.

आरागानेचं खेळणं निघालं. हाशिगोचं निघालं,
शिडी लवकर तुटायची म्हणे.
दोन्को दुकानात कधीच आला नाही.
एकोणिसाव्या भागानंतर मालिका बंद.
विसाव्याची माझी चित्रं
सूपवाल्या काकूंनी भांड्यांखाली घातली.
मी रागावले नाही. कागद चांगला होता, पाणी शोषायचा.

आता इल्सानला राहते, अकराव्या मजल्यावर.
या मालिकेचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही,
माय-सुन सोडली तर, आणि ती गेली.
परवा रात्री दोन वाजता खाली रस्ता नव्याने करत होते.
रोलर होता. पिवळा.
तो थांबला, वाफ उठली,
आणि त्या वाफेतून कोणीतरी उतरलं
हात झटकत.

मी मोजायला लागले. काचेवर बोटाने.
सहा, सात, आठ.

वारा आला.
ड्रम तिथेच होता.
माणूसही होता, त्याला टेकून,
थर्मासातून कॉफी ओतत.
दोघे एकाच चित्रात.

हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.