चार बोटं जागा

वडिलांना आता जिना चढवत नाही,
म्हणून मुनीराबाईंना तळाला एक खोली हवी होती,
खुर्चीची चाकं फिरतील एवढी,
न्हाणीघर जोडून.
सोपं काम आहे, असं मीही म्हणालो,
जागा न बघता.

मुहर्रकचं घर. मोत्यांच्या पैशावर उभं राहिलेलं,
मोती गेले तरी उभंच.
भिंतींचा दगड समुद्रातून उचललेला,
जवळून बघा, मधमाश्यांनी टाकून दिलेलं पोळं.
माडीला दूर आफ्रिकेचे वासे;
वासा जेवढा लांब, तेवढीच खोली रुंद,
त्यापुढे मालकाची हौस चालत नाही.
वाशांवर बांबूच्या कामट्या विणलेल्या,
त्यांना इथे मंगरूर म्हणतात.
ते ऐकल्यापासून माझा मंगळूरचा सुतार लिगोरी
उगीचच त्या छताखाली रेंगाळायचा,
मोजलेलं पुन्हा मोजायचा.

वारसा खात्याच्या कागदात लिहिलेलं:
नवं ते नवंच दिसावं,
पण जुन्यापुढे आवाज चढवू नये.
आमच्या वेंगुर्ल्याला असं सुनेला सांगत.

उस्ता अब्दुन्नबीने सिमेंटची गोणी पायाने लांब सारली.
भिंतीत मीठ असतं, त्याला बाहेर यायचं असतं,
वाट अडवलीत की ते दगड खायला लागतं.
लोणा, मी म्हणालो.
त्याने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, आवडला त्याला.
मग जुन्या भिंतीवर चार बोटं आडवी ठेवली:
एवढी जागा सोड. नवी हिला टेकता कामा नये.
माझा संगणक मिलिमीटर मागत होता.
मी त्याची बोटं मोजली, बहात्तर भरली.
माझी अडुसष्ट.
त्याची धरली.

तिसऱ्या दिवशी चर कमरेएवढा झाला
आणि शिंपल्या लागल्या, फावड्याला कुरकुरणाऱ्या,
मग काथ्याचं काळं दोरखंड,
नाकाजवळ नेलं तर थेट आमच्या बंदरावरचा वास.
चौथ्या दिवशी सकाळी चरात पाणी.
उपसलं. दुपारी कोरडं. रात्री परत.
दोन दिवस आम्ही फुटलेला नळ शोधत होतो.
पालिकेचा माणूस आला, शेजाऱ्यावर संशय घेऊन गेला.

जासिमबाबांनी खुर्ची चराच्या काठाशी आणायला लावली.
वाकता येईना, म्हणून लिगोरीने ओंजळभर पाणी वर दिलं.
त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि विचारलं, आज चंद्र कितवा?
मला माहीत नव्हतं. लिगोरीने फोनमध्ये पाहिलं: तेरावा.
मग रात्री अजून वीतभर चढेल, बाबा म्हणाले,
आणि दुपारच्या झोपेला गेले.

वीतभर चढलं.
मी बॅटरी घेऊन उभा होतो.
ज्या दारासमोर होड्या लागायच्या
तिथे आता गाड्या लागतात;
भराव, तीन रस्ते, दुकानांच्या रांगा,
त्यांच्या पलीकडे समुद्र.
नकाशावर तरी.
कागदात जतन करायची यादी होती:
दाराचे खिळे, चुनखडीची जाळी, सात कोनाडे,
जिन्याची झिजलेली पायरी, आहे तशी.
पाण्याचं नाव कुठेच नव्हतं.

जोतं दोन हात उचललं.
भिंती उभ्या केल्या, साध्या, नक्षी नको म्हणून सांगितलं.
रुंदी वाशाएवढीच ठेवली,
लोखंडाला दुप्पट पेलली असती तरी.
फटीच्या तळाशी गोटे भरले, वरून उघडी ठेवली.
खात्याने कारण विचारलं.
मी लिहिलं: निचरा.

परवा मुनीराबाईंचा फोन.
बाबांनी पलंग सरकवून त्या भिंतीशी घेतलाय,
रात्री दोनला उठवतात आणि म्हणतात, ऐक.
मला काही ऐकू येत नाही, बाई म्हणाल्या,
तुम्हाला यायचं का?
मी काहीतरी पुटपुटलो.
आणि हो, ते विचारतायत,
फट पाच बोटांची होईल का?

फोन ठेवून मी टेबलावर हात पसरला,
आणि अंगठा मोजायचा की नाही
ते बराच वेळ ठरेना.